नोंदीत भाकड

गारगोटी, मळा
दि. १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

चि. क्रांतीस आक्काचा आशीर्वाद.

इकडं सर्व खुशाल असं लिवायची रीत हाय. मी लिवणार न्हाय. फोन केला असता, पर तू मधी मधी बोलतीस आणि तुझा बा, माझा ल्योक, कान लावून बसतोय. म्हणून चौथीच्या अक्षरात लिवते. लागलं न्हाय तर दोनदा वाच.

आपली रत्नी म्हैस गेली ते बानं तुला सांगितलंच. कशी गेली ते माझ्याकडनं घे.

मंगळवारी सकाळी सातला ती अडली. रेडकाचा एकच पाय बाहेर. मी तशीच दूध संस्थेत पळाले. केरबा सेक्रेटरीनं डॉक्टर बोलवायचं तू केलेलं ते ॲप उघडलं, रत्नीच्या बिल्ल्यावरनं मी लिवून नेल्याला नंबर टाकला आणि पडद्यावर चाक फिरायला लागलं.

"काय झालं रं?"

"आक्का, नंबर क्लाऊडवर गेलाय. तिथनं बिल्ल्यांच्या यादीवाल्या कंपनीला इचारलंय. त्यांचं व्हय आलं की डॉक्टरला कॉल पडतोय."

"आणि त्यांनी काय सांगितलंच न्हाय तर?"

"तर... फिरतंय की."

"तुझ्या तोंडात जीभ हाय न्हवं? लाव फोन डॉक्टरला!"

लावला. हंबीरराव डॉक्टर दोन कोसावर बसल्यालं. म्हणतंय, "पयला ॲपवर कॉल पडू दे. त्याबिगर गेलो तर वरनं मला जाब इचारत्यात."

नऊ वाजेतोवर चाक फिरलं. दिवाळीत तू सोप्यात बसून मला सांगत होतीस, आमचं सॉफ्टवेअर बाहेरच्यांच्या सॉफ्टवेअरशी बोलतंय. बोलतंय कुठलं? दारात ताटकळतंय. अगं, पावण्यांकडं निरोप धाडला आणि उत्तर आलं न्हाय, तर लग्नघरातली चूल पेटवायची थांबत्यात व्हय? समोरचा गप बसला तर काय करायचं, हे तू ठरवलंच नव्हतंस. एवढं शिकून.

नऊनंतर उत्तर आलं. केरबानं वाचून दाखवलं, "जनावर भाकड. गाभण असल्याची नोंद न्हाय. कॉल रद्द." मी त्याच्या अंगावर ओरडले. इकडं म्हैस पाय झाडतीया आणि तुझं यंत्र भाकड म्हणतंय! शेवटी तुझ्या बानं मोटरसायकल काढली, डॉक्टरला हाताला धरून मागं बसवून आणलं. रेडकू आतच मेल्यालं. दुपारी रत्नीनंबी मान टाकली.

तवापास्नं गावात तुझ्या नावानं बोटं मोडत्यात. चेअरमन ज्ञानू पाटील पारावर म्हणाला, "शिकल्याली पोर, आपल्याच म्हशी मारायला शिकली." मी तिथंच होते. पदर नीट केला आणि घरला आले.

तू बाला फोनवर म्हणालीस, सिस्टीम बरोबर चालली, तिला चुकीची माहिती मिळाली. तो मला सांगायला आला तवा मी भांडी आपटत होते. आता ऐक. ती चुकीची माहिती मी दिली.

श्रावणात दोन्ही म्हशींचे कान पिकले. बिल्ल्याच्या भोकातनं पू यायचा. मी बिल्ले कापून काढले, हळद भरली. बिल्ला न्हाय तर संस्था दूध घेत न्हाय, म्हणून दोन्ही बिल्ले गळ्यातल्या दोऱ्यांत ओवले. मग घट बसायच्या आधी घरदार धुवायला काढलं, त्यात त्या दोऱ्याबी धुतल्या. वाळल्यावर बांधल्या. कुठली कुणाची, बघितलंच न्हाय. रत्नीच्या गळ्यात दुसऱ्या, भाकड म्हशीचा नंबर गेला.

केरबा "भाकड" म्हणाला, त्याच क्षणी मला कळलं. तरी मी त्याच्यावर ओरडले. बिल्ले बदललेत म्हणायला तोंड उघडलं असतं तर तास वाचला असता. म्हैस वाचली असती का, डॉक्टरला इचारलं न्हाय. इचारणार न्हाय.

पर तूबी सुटत न्हाईस. यादी चुकते. माणसाच्या हातनं झालेली यादी चुकणारच. तिथं केरबा उभा, मी उभी, म्हैस वरडतीया. आमाला एकदा इचारायची जागा त्या ॲपात ठेवायला काय झालतं? पयला डॉक्टर निघू दे, नंबराचा घोळ मागनं निस्तरा. एवढं कर. बाकी तुझं तुला कळतंय.

तेवीस तारखेला, रविवारी सकाळी धाला संस्थेची सभा हाय. तुझं ॲप बंद करायचा ठराव येणार. मी उठून सांगणार, बिल्ले मी बदलले. हसू देत. मग कुणीतरी इचारंलच, "आणि ते सात ते नऊ?" त्याचं उत्तर माझ्याकडं न्हाय. ते दोन तास तुझे हायत. त्यांच्यासमोर उभी राहून तूच सांग.

वाट बघते असं लिवणार न्हाय. रविवारची एसटी नऊला स्टँडवर येती.

चार दिस तुझ्या नावाआड लपल्याली,
आक्का