सहावा तुकडा

सर, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाही. तंत्रनिकेतनच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही माझ्या जर्नलचं पान सगळ्यांसमोर टराटरा फाडलंत. तीन सळ्या ताणून तोडायच्या होत्या. दोन सारख्या आल्या, तिसरी फार लवकर तुटली, म्हणून मी 'नमुना खराब' असं लिहून ती सोडून दिली होती. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुटली ना ती? मग लिही." पोरं हसत होती. संध्याकाळी घरी बोलावून काकूंच्या हातची घावनं खायला घातलीत, पण 'माझं चुकलं' असं काही तुमच्या तोंडून निघालं नाही. उलट एक घावन उचलून दाखवलंत. एकच पीठ, एकच तवा, तरी कड कुरकुरीत आणि मध्ये मऊ. मी मान खाली घालून खाते आहे.

आता मी इथेच रत्नागिरीत, एमआयडीसीत आहे. निकेलच्या मिश्रधातूची भुकटी पसरायची, लेझरने वितळवायची, वर पुढचा थर. असे हजारो थर चढवून आम्ही टर्बाइनची पाती छापतो. सूक्ष्मदर्शकाखाली धातूचे कण खालून वर उभे वाढलेले दिसतात, जाड बुंध्याशी मोठे, पातळ कडेला बारीक. म्हणून एकाच पात्याची ताकद जागोजागी वेगळी. तुमचं घावनच ते.

गेल्या आठवड्यात एका पात्याचे सहा तुकडे तापवून ताणले. पाच टिकले. कडेजवळून कापलेला सहावा मर्यादेच्या कितीतरी आधी तुटला. साहेब म्हणाले, कापताना बिघडला असेल, सोडून द्या, पहिलीच ऑर्डर आहे, पंधरा घरं यावर चालतात. आणि ते खोटं नाही. तुमचं काय जात होतं, सर? तुमची नोकरी पक्की होती, तुमची सळी वर्कशॉपबाहेर कधी गेली नाही. "मग लिही" म्हटलंत आणि मोकळे झालात. हे पातं धगधगत्या टर्बाइनमध्ये फिरणार, शेजारी माणसं उभी असणार, हे मला कळत नाही का? कळतं, म्हणून तर तुमचा इतका संताप येतो.

हे पत्र मी टाकणार तरी कुठे? काल अहवाल गेला. त्यात पाच तुकडे आहेत आणि खाली माझी सही. सहावा माझ्या पर्समध्ये आहे. फेकायला तीनदा बाहेर काढला, फेकवला नाही.