चार वेळा धुतलेलं डिझेल

४ मार्च, दुपार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी बसच्या कंडक्टरकडे देते आहे. आधी एवढं वाच: काल पाठवलेलं करंजाचं डिझेल लाँचमध्ये भरू नकोस. भरलं असशील तर लाँच धक्क्यावरून हलवू नकोस.

बिया ओलसर होत्या, दादा. अशा बियांच्या तेलाचं डिझेल करताना साबण तयार होतो. तो जाईपर्यंत ते पाण्याने धुवावं लागतं. मी चारऐवजी दोनदाच धुतलं. आज मागे ठेवलेल्या नमुन्यात पाणी घालून बाटली हलवली, तर दुधासारखा फेस आला. अजून खाली बसलेला नाही. कुणी ढुंकून बघत नाही त्या कडू बियांवर लाँच चालते, हे तुझ्या मालकांना लवकर दाखवायचं होतं मला. वहिनीला यातलं काही सांगू नकोस, उगाच घोर लागेल तिला.

लोभ आहेच, आज जरा जास्त असू दे.

तुझी चिमी

५ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

चिठ्ठी काल संध्याकाळी मिळाली. लाँच सकाळीच बंद पडली होती, ऐन पात्रात. नऊ माणसं, त्यात लसींची पेटी घेतलेली नर्सबाई. धार आम्हाला बंधाऱ्याकडे ओढत होती. फिल्टर उघडला तर आत लोण्यासारखा गोळा. दुसरा बसवला, साध्या डिझेलचा कॅन जोडला. चौथ्या खेपेला इंजिन चालू झालं, तेव्हा बंधारा हाकेच्या अंतरावर होता.

फिल्टर बदलायला मीच विसरलो, असं मालकांना सांगितलं आहे. तू मधे पडू नकोस. वहिनीला सांगायची वेळच आली नाही. त्या नवांत तीही होती.

जपून राहा. रागावलोय, पण तुझाच.

दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला न विचारता मालकांकडे जाऊन आले. चूक माझी होती, दादा उगाच अंगावर घेतोय, असं सांगितलं. तुझी नोकरी शाबूत आहे. मग त्यांनी एवढंच विचारलं, की पुन्हा ते डिझेल भरलं तर मी स्वतः त्या लाँचमध्ये बसेन का.

वाळवलेल्या बियांचं नवं डिझेल केलंय. चार वेळा धुतलं, पाणी नितळ सुटलं. वहिनीची माफी समोर येऊन मागेन. रविवारी, प्रवासी घेण्याआधी, तू आणि मी दोघंच एक फेरी मारू.

बसेन म्हणाले मी मालकांना. मला पोहता येत नाही, हे मात्र सांगितलं नाही.

राग सरला की आठवण काढ.

चिमी