गुलाबी मोत्यांची माळ

रविवार, १२ जानेवारी २०२५

बोलले मी. साक्षगंधात, माझ्याच साखरपुड्यात, दोन्हीकडची चाळीस माणसं बसलेली असताना बोलले.

ताट बायकांमधून फिरत होतं. साडी, पैंजण आणि होणाऱ्या सासूबाईंनी, प्रशिकच्या आईंनी, माझ्यासाठी आणलेली गुलाबी मोत्यांची माळ. प्रत्येक बाई माळ हातावर तोलून पुढे देत होती. मावशीकडे आली तेव्हा मावशीला मिरवायचंच होतं. "आमची मयुरा मोत्याच्याच दुकानात हाये. तिलेच इचारा. सांग वं, असली हाये ना?"

हो म्हणायचं होतं, एवढंच. मी माळ घेतली, नखानं दोन मोती बाजूला केले – हाताची सवय – आणि म्हटलं, "मोती असली आहेत. रंग दिलेला आहे."

कुणीतरी हसलं. प्रशिकच्या आईंनी पदर सारखा केला आणि ताट पुढे सरकवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. जाताना माळ स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

सोमवार, १३ जानेवारी

प्रशिकचा फोन नाही. मी केला, उचलला नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

आज नवा लॉट निवडला. खिडकीशी, पांढऱ्या कापडावर. दुपारनंतर निवडायचं नाही, उजेड पिवळा होतो आणि डोळा फसतो.

गोड्या पाण्यातले स्वस्त मोती. एका शिंपल्यात वीस-तीस निघतात, पण एकासारखा दुसरा नसतो. एक सायीसारखा, एक फिका नारिंगी, एकावर नुसती जांभळी झाक. कुणाच्या पोटाभोवती कडं, कुणाला टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, कुणी एका बाजूनं चपटा. यातल्या कशानंही मोती खोटा ठरत नाही. माळभर एकच रंग दिसला तर संशय घ्यायचा. मग भोकात पाहायचं. रंग दिलेला असला की तो भोकाच्या कडेला आणि खड्ड्यांत गडद साचतो. बस, एवढीच विद्या. तीन महिन्यांत आली मला.

दुपारी एका बाईंनी असली माळ बाजूला सारली. "हे दाणे वेगवेगळे काहून लावले?" रंगवलेली घेऊन गेल्या. खुश होत्या.

आणि मी तोंड उघडलं ते नेमकं स्वतःच्या साक्षगंधात.

गुरुवार, १६ जानेवारी

प्रशिक धंतोलीतून ड्यूटी संपवून आला. व्हरायटी चौकात उभ्यानंच बोललो. माझी उमरेडची बस सुटली, सुटू दिली.

"आई नीट जेवून नाही राहिली. तू गप्प काहून नाही बसली?"

"मला विचारलं."

"तुझ्या मावशीनं विचारलं. आईनं नाही."

मग त्यानं बॅगेतून माळेची डबी काढली. आमच्या दुकानाची डबी! आत चिठ्ठी. 'असली मोती. रंग – गुलाबी.' अक्षर माझं.

त्यानं सांगितलं, मी सुट्टीवर होते त्या दिवशी त्याच्या आई मुद्दाम आमच्या दुकानात आल्या होत्या. घरी म्हणाल्या होत्या, "मयुरा हाये तिथं आपल्याले कोणी फसवणार नाही."

मी चिठ्ठीची घडी करून परत डबीत ठेवली. तो म्हणाला, "आता गप्प बसते."

शुक्रवार, १७ जानेवारी

सगळं नीट लिहून काढते, म्हणजे मला पळता येणार नाही.

घरात शिकलेली मी पहिली. बाबा पगाराच्या कागदावर सही करतात, तीही चित्र काढल्यासारखी. माझं अक्षर चांगलं म्हणून मालकांनी, अश्विनभाऊंनी, चिठ्ठ्या माझ्याकडे दिल्या. 'नैसर्गिक गुलाबी' लिही म्हणाले. मी नाही म्हटलं. नुसतं 'गुलाबी' लिहीन. ते हसले. "लिही बाप्पा, तुले जे वाटते ते." मला वाटलं, जिंकले. दोन वर्षं वाटत होतं. गुलाबी लिहिलं, आणि मोती गुलाबी होतेच.

प्रत्येक शब्द खरा. आणि वाचणारा काय समजणार हे मला दर चिठ्ठीला माहीत होतं.

आज अश्विनभाऊंना म्हटलं, 'रंगवलेली' असं लिहू या. म्हणाले, "गिऱ्हाइकानं विचारलं तर सांग ना. म्या तुले खोटं बोलायले कधी लावलं का?"

नाही लावलं.

रविवार, १९ जानेवारी

इंदोऱ्याला गेले, प्रशिकच्या घरी. त्याच्या आई मेथी निवडत होत्या. चिठ्ठी मी लिहिली, असं सांगितलं. माफी मागितली.

"अक्षराचं राहू दे. माह्या जावा हसल्या, ते पाहिलं का तू? लेकीच्या साक्षगंधात म्या कोणाले बोलू नाही दिलं, अन् सुनेनंच बोलावं?"

मी जुडी ओढून मेथी निवडायला लागले. त्यांनी अडवलं नाही.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "दोन तारखेले नातवाचं नामकरण हाये. तेच लोक येतात. तिथं म्हण, माह्या पाहण्यात चूक झाली, रंग असलीच हाये."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तं मंग लग्नाचं काही खरं नाही पोरी. रोज कोणासमोर काय बोलशील, याच्या धाकात मले राहता येत नाही."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवार, २३ जानेवारी

प्रशिक म्हणतो, एका मिनिटाचं काम आहे.

बुधवार, २९ जानेवारी

मला प्रशिक हवा आहे. हे इथं लिहायलाही लाज वाटते. पण हवा आहे. तीन स्थळं पाहिली, तिघांनी रंगाचं विचारलं, पगाराचं विचारलं. यानं विचारलं, तुला दिवसभर मोत्यांकडे बघून डोळे दुखत नाहीत का.

आज बावीस चिठ्ठ्या लिहिल्या. गुलाबी, गुलाबी, गुलाबी.

रविवार, २ फेब्रुवारी

बुद्धवंदना झाली, पंचशील झालं. चौथं शील सगळ्यांबरोबर मीही म्हटलं – खोटं बोलणार नाही. मग बाळाचं नाव ठेवलं. मग जेवणं. मग प्रशिकच्या आईंनी माळ माझ्या गळ्यात घातली आणि जावांकडे पाहिलं.

मी म्हटलं, "त्या दिवशी हॉलमधल्या लाइटमुळे मला नीट दिसलं नाही. उजेडात पाहिली. रंग असली आहे."

एका दमात बोलले. एक काकू म्हणाल्या, "पाहा, म्या म्हटलंच होतं." कुणीतरी आणखी जिलबी वाढली. प्रशिकनं लांबून मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी.

बसमध्ये एकच धरून बसले होते. फसवलं असलं तर त्या जावांना. त्याच्या आईंना खरं माहीत आहे, त्यांनीच सांगितलं म्हणून बोलले.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज दुपारी दुकानात त्याच्या आईंचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं. मग हळू आवाजात, "लाइटाचं तू सांगितलं तवा जीव भांड्यात पडला माहा. उजेडात पाहिली ना वं खरंच? रंग नाही ना दिलेला?"

मी म्हटलं, "नाही दिलेला."

"मंग लग्नात हेच घाल. पांढऱ्या साडीवर खुलून दिसन."

लग्न अठरा मेला. हा रंग घामानं सुटतो.