धाकटीच्या दाराची किल्ली

मी, कुलपं-किल्ल्यांचा कारागीर, शरीराने थकलेला पण डोक्याने ठिकाणावर असलेला, उद्याच्या ऑपरेशनआधी माझी ही शेवटची इच्छा स्वखुशीने लिहून ठेवतो. कुणी भरीस घातलेलं नाही.

१. दुकान आणि किल्ल्या कापायचं यंत्र थोरल्या मुलाला. त्याचा हात चलाख आहे. जीभ त्याहून चलाख.

२. घर दोन्ही मुलांच्या नावे. धाकटी मुलगी तिथे राहू इच्छिते तोवर ते विकू नये. थोरल्याने गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे. मी आजारी आहे, बहिरा नाही.

३. कुलपं उघडायच्या माझ्या तारा मात्र धाकटीला, थोरल्याला नव्हे. गेल्या वर्षी ती खोलीत पडून असायची. जेवण नाही, केसांना फणी नाही. थोरल्याने दार न वाजवताच तार घातली, कुलूप उघडलं आणि पांघरूण ओढलं. "ऊठ! नाटकं पुरे झाली. चार माणसांत मिसळ, बरं वाटेल." आमच्या धंद्यात बंद दार दिसलं की हात शिवशिवतात. त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून राहिली आणि माझा जीव टांगणीला लागला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा आळस नाही, नैराश्य आहे, आजार आहे. थोरल्याला ते अजून पटलेलं नाही, म्हणून मला उद्याची भीती वाटते ती ऑपरेशनची नव्हे.

४. यापुढे थोरल्याने रोज दार वाजवावं, नाव सांगावं, थांबावं. उपदेश नको, कुणाच्या मुलीचा दाखला नको. ताट न्यावं, जवळ नुसतं बसावं. औषधं आणि डॉक्टरीणबाईंची वेळ चुकू देऊ नये. "जीव नकोसा झालाय का?" हे सरळ विचारावं, विचारल्याने तसलं काही डोक्यात भरत नाही. ती हो म्हणाली, तर क्षणभरही एकटी सोडू नये, लगेच डॉक्टरीणबाईंना गाठावं. हाका मारूनही उत्तर आलं नाही, तर मात्र दार उघडावं.

५. त्यासाठी सोबतची किल्ली. आज धाकटीने स्वतः यंत्रावर बसून ती कापली. पहिल्या दोन वाया गेल्या, मी मध्ये पडलो नाही. किल्ली माझ्या तळहातावर ठेवत म्हणाली, "ही दादाला द्या. पण बाबा, तो आधी वाजवायला विसरला तर?"

"नाही विसरणार," मी म्हणालो.

थोरल्या, तुला न विचारता मी तुझा शब्द देऊन बसलो आहे.

सही: तुमचा बाप
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), डॉक्टरीणबाई (सही)
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सोमवार