हॅरिएटसाठी अकरा आनंदी शब्द

रविवार, २ सप्टेंबर २०१८
पोराचा, ओस्तापचा, इंग्लंडहून फोन. होणारी सून रडली म्हणे. कारण मी. मागच्या रविवारी हॅरिएटने फोनच्या पडद्यातून विचारलं होतं, मी तुम्हाला आवडले का? मी म्हटलं, वाईट नाही. या गाढवाने जसंच्या तसं तिला सांगितलं. आता आमच्या गावात याच्यापुढे कौतुक असतं कुठे? माझा प्रोकिप तीस वर्षं माझ्या हातचं बिटाचं बोर्श्च खाऊन एवढंच म्हणाला. मरेपर्यंत एक शब्द वाढवला नाही.

ओस्ताप म्हणाला, मामो, ती विचारते, मी नकोशी आहे तिथे लग्नाला कशी येऊ? तू स्वतःच्या तोंडाने, इंग्रजीत, आनंद झाला असं सांग. नाहीतर आम्ही इथेच कचेरीत सह्या करतो. तेवीस तारखेला फोन.

एकुलता एक पोरगा. लग्न इथेच होणार, पोक्रोवाच्या सणाला, चौदा ऑक्टोबरला, माझ्या अंगणात. मंडप, अकॉर्डियन, दीडशे माणसं.

संकल्प: तीन आठवड्यांत तीस शब्द. अवघड काय त्यात? शाळेत जर्मनमध्ये मी दुसरी आले होते. वर्गात तिघंच होतो, पण आले होते.

मंगळवार, ४ सप्टेंबर
वासिलिव्नाची शिकवणी सुरू. गावच्या शाळेत तिने चाळीस वर्षं जर्मन शिकवलं. इंग्रजीत ती माझ्यापेक्षा एक पान पुढे आहे. तिच्या पुस्तकात एक धडाच आहे, आनंद आणि समाधान. ग्लॅड, प्लीज्ड, हॅपी, डिलायटेड. बाई अशी ओरडते की जणू कवायत चाललीय. डिलायटेड म्हणाली तशा कोंबड्या आपणहून खुराड्यात गेल्या. तिला तसं म्हटलं तर रुसली. चेरीची दारू पाजून परत बसवली.

फार आनंद झाला की इंग्रज माणूस चंद्राच्याही वर जातो म्हणे. उतरतो कसा, ते पुस्तकात नाही.

रविवार, ९ सप्टेंबर
बटाटे काढायचे होते. शब्द चार, तेच. बटाटे थांबत नाहीत, शब्द कुठे पळून जातात? संकल्प सुधारला. वीस.

गुरुवार, १३ सप्टेंबर
वासिलिव्ना म्हणाली, आधी आपल्याच भाषेत मोठ्याने म्हणायची सवय कर, जीभ मोकळी होईल. दुकानात गेले. दुकानवालीने, मोत्र्याने, विचारलं, काय गं, कसं चाललंय? म्हटलं, मी फार फार सुखात आहे! पोराचं लग्न आहे!

मोत्र्याच्या हातून साखर सांडली. म्हणाली, मेलान्का, जीभ आवर, पोरगा परमुलखात आहे तुझा! दोघी-तिघींनी माझ्या वतीने डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू केलं, लाकडी फळीवर टकटक केली. संध्याकाळी पाद्रीच्या बायकोने औषधाला मध पाठवला. चाटायचा की डोक्याला चोळायचा, ते सांगितलं नाही.

अडाणी बायका. माझा नाही दृष्टीबिष्टीवर विश्वास. मनगटाला लाल दोरा आहे तो नाडीसाठी.

मंगळवार, १८ सप्टेंबर
अकरा शब्द पाठ. अकरा पुष्कळ झाले. एवढं सुख एका माणसाला लागतं कशाला?

फक्त हॅपी म्हणताना खोकला येतो. सहा वर्षांपूर्वी नवं छप्पर घातलं तेव्हा अंगणात उभी राहून म्हटलं होतं, प्रोकिप, किती सुखी आहे रे मी! थुंकले नव्हते. नवव्या दिवशी त्याला पुरला. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. विहिरीचं पाणी गार झालंय, त्याने येत असेल.

रविवार, २३ सप्टेंबर, दुपार
फोन झाला. एकूण चांगला झाला.

भरतकामाचा सदरा घातला. डाव्या बाजूला मागे वासिलिव्ना, हातात शब्दांचा कागद. पडद्यात ओस्ताप, हॅरिएट आणि तिची आई. टोपी घातलेली. मी खणखणीत म्हटलं, आय ॲम व्हेरी हॅपी. हॅरिएटचा चेहरा असा फुलला! आणि माझ्या तोंडाने आपलं आपणच थू थू थू केलं. डाव्या खांद्यावरून. वासिलिव्नावर. मग टेबलावर टकटक. मग, तान्ह्या बाळांसमोर म्हणतो ना, तसं आमच्या भाषेत, शी, केवढी कुरूप पोरगी, कुणाला नको असली! सगळं तिच्या भल्यासाठीच.

ओस्ताप लालबुंद. त्याने भाषांतर केलं नाही. थुंकण्याला भाषांतर लागत नाही म्हणा. टोपीवाली उभी राहिली. पडदा काळा.

नेट गेलं असणार. इंग्लंडात वारा फार.

बुधवार, २६ सप्टेंबर
फोन नाही. कामात असेल. वासिलिव्नाही आली नाही. तिचा कोट वाळतोय.

रविवार, ३० सप्टेंबर
ओस्तापचा फोन. त्याने तिला सगळं समजावून सांगितलं म्हणे. दृष्ट, डावा खांदा, लाकूड. तिला पटलं, पण तिच्या आईने तेरा ऑक्टोबरला कचेरी ठरवून टाकली. पैसे भरले. मी म्हटलं, उत्तम! मंडपाचा खर्च वाचला. तो म्हणाला, मामो, तू ये ना. म्हटलं, मला व्हिसा मिळेपर्यंत तुमची पोरं शाळेत जातील. हसलो दोघं. तो जरा कमी.

मंडपवाल्याला मंडप नको म्हणून कळवलं. अकॉर्डियनवाल्याने कारण विचारलं. पाय मुरगळला म्हटलं. कुणाचा, ते त्याने विचारलं नाही.

नवा संकल्प: पुढच्या फोनला अकराच्या अकरा शब्द, एकदाही थू थू नाही.

रविवार, १४ ऑक्टोबर, पोक्रोवा
काल लग्न लागलं. आज फोन. हात मांड्यांखाली दाबून बसले. वासिलिव्नाला उजवीकडे बसवलं.

हॅरिएट एकटीच पुढे आली. केसांत अजून कालची फुलं. हळू आवाजात काहीतरी लांबलचक विचारलं. एक अक्षर कळलं नाही. वासिलिव्नालाही नाही, ते पुढच्या पानावर असावं. पण संधी सोडते मी? मान ताठ केली, तोंडभर हसले, आणि धडाधड सगळे अकरा. ग्लॅड, प्लीज्ड, हॅपी, डिलायटेडपासून थेट चंद्राच्या वरपर्यंत. थुंकले नाही. हात हलवला नाही. पोरगी बघतच राहिली. मग मान खाली घालून बाजूला झाली.

ओस्तापला विचारलं, काय विचारत होती रे? तो म्हणाला, तुझ्याशिवाय लग्न झालं, तुला फार वाईट वाटलं का, असं विचारत होती.

म्हटलं, सांग ना तिला. काय सांगू, म्हणाला. मग त्यांची जेवायची वेळ झाली.

वासिलिव्ना म्हणते, उच्चार मात्र एकदम स्वच्छ होते.