बोरधरणाला न पोहोचलेली सहल

शुक्रवार, ६ मार्च

रविवारी बोरधरण! महिला दिन आहे म्हणून बाबा घरच्या बायकांना नव्या गाडीतून फिरवून आणणार. आमच्या घरात बायकांचा एवढा कळवळा — मला तिथंच समजायला पाहिजे होतं.

आईनंच फोडलं. म्हणाली, जांभळ्या साडीला इस्त्री करून ठेव. धरणावर साडी? मग सगळं बाहेर आलं. नागपूरचा मुलगा, नोकरी सुरतला, आईवडिलांना घेऊन रविवारी "योगायोगानं" तिथंच येणार. त्याच रात्री परत सुरत. लग्न एप्रिलमध्येच पाहिजे. माझी मुख्य परीक्षा मे महिन्यात! त्यावर मुलाकडच्यांचं म्हणणं, लग्न झाल्यावर पोरीला परीक्षा कशाला.

बाबा म्हणतात, "पाहाले काय जाते?" माझ्या मोठ्या बहिणीला, छायाताईलाही नुसतं पाहायलाच नेलं होतं. पुढच्याच आठवड्यात साखरपुडा.

शनिवार, ७ मार्च

आजीजवळ बसून रडले. ती अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. सगळं ऐकून घेतलं, सुपारी चंचीत भरली आणि म्हणाली, मी बी येतो उद्या, पुढच्या सीटवर बसतो. झालं! मी इथं मरून राह्यली आणि हिला सीटची पडली.

रविवार, ८ मार्च

गेलो. म्हणजे निघालो.

सेलूपासूनच आभाळ काळं होतं. मार्चमध्ये कुठं पाणी येते, बाबा म्हणाले. हिंगणीच्या पुढं वारा सुटला आणि धाडधाड गारा — आवळ्याएवढ्या! एका बंद ढाब्याच्या पत्र्याखाली गाडी घातली, तर बोनेट बाहेरच. बाबांनी चावी आजीच्या हातात दिली आणि सतरंजी घेऊन धावले. काचेवर सतरंजी, स्वतःच्या टकलावर काहीच नाही. नवी गाडी!

तेवढ्यात आजीनं दार किलकिलं केलं आणि हातातलं काहीतरी जोरात बाहेर फेकलं.

"गारा पडल्या का लोखंड फेका लागते," म्हणाली.

बाबांनी विचारलं, काय फेकलं? ती म्हणाली, चावी.

हीच आजी! धम्मदीक्षेपासून आपल्या घरात उतारा-टोटका बंद, असं रोज ऐकवणारी. गाडी घेतली तेव्हा कोणीतरी चाकाखाली लिंबू ठेवलं, ते उचलून हिनं सरबत केलं होतं.

मग बाबा आणि आई नालीत, गारांत हात घालून चावी शोधून राह्यले. मी जांभळ्या साडीत टॉर्च धरून. मुलाच्या वडिलांचे फोनवर फोन. बाबा सांगत होते, हे काय, पोचूनच राह्यलो. आजी चिवडा खात होती. शेजारचे बंडूजी सिंदी मेघेहून मोटारसायकलनं दुसरी चावी घेऊन आले तेव्हा अंधार पडला होता. ते लोक कधीच निघून गेले होते.

सोमवार, ९ मार्च

निरोप आला. पहिल्याच भेटीला अडथळा, योग दिसत नाही. जांभळी साडी कपाटात!

बाबांच्या टकलावर दोन टेंगळं आहेत. आजीशी बोलत नाहीत. मायची आता साठी बुद्धी नाठी झाली, असं बंडूजींना सांगत होते. आई म्हणते डॉक्टरला दाखवू. मी पुस्तक उघडून बसले, पण अक्षर दिसेना. माझं लग्न टळलं आणि आजीचं डोकं गेलं. असं नव्हतं पाहिजे मला.

गुरुवार, १२ मार्च

आजी दगडानं सुपारी फोडत बसली होती. अडकित्ता कुठं गेला विचारलं, तर म्हणे असन कुठंतरी. लग्नात माहेरून आणलेला अडकित्ता, तोही विसरली. खूप भीती वाटते.

रविवार, १५ मार्च

धुवायला घेतली म्हणून आजीची चंची रिकामी केली. आत गाडीची चावी.

आजीनं वर पाहिलंसुद्धा नाही. दगडानं सुपारी फोडता फोडता म्हणाली, "पेपर झाले का देजो बाबाले."