टेकोड्याच्या तुकड्याले नांगर लावाचा नाही

मी यशोधरा अतुल भगत, वय चोवीस, राहणार बोरी अरब, हे माह्याच हातानं लिहून राह्यली. शिक्षण सातवी. डोकं ठिकाणावर आहे, कोणी जबरदस्ती केली नाही. परवा नागपूरले माह्या हार्टचं आपरेशन आहे. लय भेव लागते. वाचली तर हा कागद मीच फाडीन.

१. शिलाई मशीन नणंदेले, विमलताईले. लय सुया मोडते, तरी तिलेच.

२. डोरलं अन् पायातल्या तोरड्या माह्या पोरीच्या, मैत्रेयीच्या.

३. बाबानं माह्या नावानं केलेला नाल्याकाठचा गवताचा तुकडा, तोही मैत्रेयीचा. तिथं नांगर लावाचा नाही. कापूस पेराचा नाही. गवत कापा, गाय चारा.

अतुल म्हणते, "सारं गाव पार बांधापर्यंत कापूस लावून राह्यलं, अन् तू गवत राखतं?" काहून राखतो, ते लिहितो.

तिथं पावसाळ्यात भाजीचे टेकोडे निघते, शहरातले लोक अळंबी म्हणते ते. आमच्यात टेकोडा कापत नाही, बुडासगट उपटतो. विषारी असन तर बुडावरूनच समजते, म्हणून बूड पाह्यल्याशिवाय शिजवाच्या गंजात टाकत नाही. एक असा निघाला का बूड रोजच्या भुरक्या टेकोड्याचं, अन् वरची छत्री जांभळी. सासूबाईनं उकिरड्यावर फेकला. "कोण्या पोट्ट्यानं चिकटवली असन!" मी उचलून ओढून पाह्यला. सांधा नव्हताच.

गवत पाहाले यवतमाळच्या कॉलेजातल्या कहकशां मॅडम येत. त्याईनं तो ब्लेडनं उभा चिरला अन् खालीच बसल्या. "यशोधरा, हे वरचं खालच्याच्या अंगात शिरलं, त्यालेच खाऊन वाढलं. मी फक्त पुस्तकात पाह्यलं होतं." पुढच्या पावसाळ्यात तिथंच अजून निघाले. मॅडमनं तपासाले दूर पाठवले, मंग नाव पक्कं झालं. ते इंग्रजी नाव माह्या तोंडात बसत नाही. पण मासिकात छापलं तवा शोधणारी म्हणून माहं पुरं नाव छापलं. लग्नपत्रिकेशिवाय आमच्या घरात कोणाचंच नाव छापलं नव्हतं.

मॅडम म्हणे, नांगर फिरला का खालचं मरते, मंग वरचं कशावर जगन?

४. अतुलनं दुसरी केली तर करो. तिलेही हा तुकडा दाखवा, वखर दाखवू नका. मैत्रेयीले बूड पाहाले शिकवा.

हे सारं सासूबाईले वाचून दाखोलं. त्या म्हणे, "तू काही मरत नाही, पोरी. पण अतुल्याचा भरोसा नाही. आण शाई. माह्या अंगठ्याखाली त्याचीही सही घे."

लिहिणारीची सही: यशोधरा अतुल भगत

साक्षीदार:
कांताबाई मारोती भगत (डाव्या हाताचा अंगठा)
अतुल मारोती भगत (आईसमोर सही केली)

बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ
१९ ऑगस्ट २००७